पायाखालची नाणी

रविवारी सकाळी आधी चहा, मग टॅरोच्या, म्हणजे लोक भविष्य बघतात त्या चित्रांच्या पत्त्यांतला एक. एकच. पहिल्या महिन्यात मी मनासारखा पत्ता येईपर्यंत कॅट पिसत बसायचे. इंद्रधनुष्याखाली हात पसरून उभं जोडपं आणि शेजारी नाचणारी दोन पोरं, ती कप्सची, म्हणजे पेल्यांची दश्शी आली की खूश होऊन सगळं आवरायचं. ताळेबंद जुळत नाही म्हणून एखादी खोटी नोंद घुसवावी, तसला प्रकार. लोकांचे हिशेब तपासून पोट भरणाऱ्या बाईने हे करावं म्हणजे कमाल झाली!

माझं ऑफिस बडोद्याच्या दांडिया बाजारात. जीएसटी, रिटर्न, नोटिसांची उत्तरं, हे माझं जग. पत्त्याला पुढचं कळतं असं मला तेव्हाही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. आमचं मूळ गाव कोकणात. तिथे देवाला कौल लावतात आणि कौल मिळाला की घरातले वाद मिटतात, कारण निर्णय देवाचा असतो. टॅरोत असं कुणावर ढकलता येत नाही.

तरी एकदा फसले. आई गेल्यावर एका बाईंकडून ऑनलाइन वाचन करून घेतलं, 1100 रुपये भरून. ‘तुम्ही वरून खंबीर आहात, पण आतून फार हळव्या. जवळच्याच माणसाने दुखावलंय.’ मी ढसाढसा रडले. मग बाई म्हणाल्या, घरातली ऊर्जा शुद्ध करायचे 5100 होतील. तिथे डोळे कोरडे झाले. पुढे कधीतरी बर्ट्रम फोररच्या प्रयोगाबद्दल वाचलं. या मानसशास्त्रज्ञाने 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून स्वभाववर्णन दिलं. ते किती जुळतं याला मुलांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. नंतर कळलं, सगळ्यांच्या कागदावर मजकूर एकच होता. वरून खंबीर, आतून हळवं कोण नसतं हो?

खरी सुरुवात भाचीमुळे झाली. दादाची मुलगी. दादा पुण्यात, ही इथे फाइन आर्ट्सला, माझ्याकडेच राहते. तिने हा कॅट आणला तो चित्रांसाठी. 78 पत्ते, त्यातले 22 मोठे, बाकीचे 56 काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी अशा चार रंगांचे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा नुसता खेळ होता, आपली सावंतवाडीची गंजिफा जशी खेळायची तसा. त्यावर भविष्य बघायचं खूळ फ्रान्समध्ये फोफावलं, तेही अठराव्या शतकात. आमच्या कॅटमधली चित्रं 1909 ची, पामेला कोलमन स्मिथ या बाईने काढलेली. तोवर छोट्या पत्त्यांवर बहुतेक वेळा नुसतेच पेले, नुसतीच नाणी मोजून काढलेली असत. हिने तिथे माणसं बसवली. पण कॅट ओळखला जायचा तो प्रकाशक रायडर आणि ज्यांनी काम सांगितलं त्या वेट यांच्या नावाने. हिची सही मात्र कोपऱ्यात बारीक वेलबुट्टीसारखी आहे. भाचीने बोट ठेवून दाखवली तेव्हा दिसली.

तिची पद्धत साधी. अर्थाचं पुस्तक उघडायचं नाही. पाच मिनिटं चित्र बघायचं आणि जे दिसेल ते वहीत लिहायचं. ‘होईल का?’ असा प्रश्न विचारायचा नाही. ‘मी काय बघत नाहीये?’ असा चालेल.

त्या रविवारी माझा प्रश्न वाड्याचा होता. रावपुऱ्यातलं आमचं घर आई गेल्यापासून बंद आहे. दादाला ते विकायचंय, मला नाही. ‘दादाला फक्त पैसे दिसतात’ हे वाक्य दोन वर्षांत मी इतक्यांदा म्हटलंय की शेजारच्या काकींनासुद्धा पाठ झालंय. पत्ता आला फोर ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे चार नाण्यांचा. मुकुट घातलेला माणूस दगडी आसनावर बसलाय. एक नाणं मुकुटावर, एक छातीशी दोन्ही हातांनी कवटाळलेलं, दोन पायांखाली. मागे अख्खं शहर, आणि याची त्याकडे पाठ.

मी पटकन म्हणाले, ‘हा बघ तुझा बाबा!’

बोलून गेले आणि जीभ चावली. पोरगी काही रागावली नाही. चित्र जवळ ओढून म्हणाली, ‘आत्या, याचे दोन्ही पाय नाण्यांवर आहेत. हा उठणार कसा?’

मी गप्प. कारण वाड्याच्या चाव्या तेव्हाही माझ्या कमरेला होत्या. अकरा चाव्यांचा जुडगा. दोन वर्षांत दादा तीनदा येऊन गेला. प्रत्येक वेळी कुलूप मीच उघडलं आणि मीच लावलं. त्याला चावी दिली नाही. त्याने मागितली नाही, हे माझं उत्तर तयार होतं. तेच वहीत लिहायला घेतलं आणि हात अडला. स्वतःच्या जन्मघराची चावी धाकट्या बहिणीकडे मागायची?

वाडा विकावा की ठेवावा, ते मला अजून कळलेलं नाही. पत्त्यालाही माहीत नाही. पण सोमवारी ऑफिस सुटल्यावर मांडवीजवळच्या चावीवाल्याकडे गेले. त्याने जुडगा उलटापालटा केला आणि तीन चाव्या बाजूला काढल्या. ‘बेन, आ त्रण शानी छे?’

एक आईच्या पेटीची, एक कोठीच्या कपाटाची, एक मागच्या दाराची. पेटी मोडीत गेली, कपाट वाळवीने खाल्लं, दार विटांनी बुजवलं. मी म्हटलं, यांच्याही डुप्लिकेट काढून द्या.

अकराच्या अकरा चाव्या पुण्याला कुरिअर केल्यात. तीन कशाच्या आहेत ते दादा फोन करून विचारेलच.