तुम्ही विचारलंत म्हणून: दोन मोटारी असून दोन्ही कशा जळाल्या?

निपाणीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे माझं. दर उन्हाळ्यात वेदगंगेकाठचा कुणीतरी ऊसवाला पाण्याची जळालेली मोटार घेऊन येतो आणि विचारतो, "दादा, एक गेली तर दुसरी असावी म्हणून दोन बसवल्या. पहिली थांबली, दुसरीचं बटण दाबलं, ती नुसती गुरगुरली आणि जळाली. असं कसं?"

मी त्याला उघडलेली मोटार दाखवतो. स्टार जोडणीत (तिन्ही कॉइलींचं एकेक टोक एकत्र बांधलेलं असतं) दोन फेजच्या कॉइली काळ्याठिक्कर झालेल्या असतात, तिसरीची तार मात्र जशीच्या तशी चकचकीत. टीसीवरची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरची, तीनपैकी एक फेज गेली आणि सगळा भार उरलेल्या दोघींवर आला. दुसरी मोटार उघडली तरी हेच दिसतं, कारण तीही त्याच टीसीवर.

समजा, एक मोटार १०० हंगामांत १० वेळा जळते. दोघींचा संबंध नसता, तर दोन्ही जायची पाळी १०० हंगामांत एकदा आली असती. पण हंगाम सारखे नसतात. ८० हंगाम वीज बरी, तेव्हा जळायचं प्रमाण शेकडा ५ धरा. २० वाईट, तेव्हा ३०. सरासरी तीच १०. तरी दोन्ही जायची पाळी १०० त दोनदा येते. तीन मोटारींत तर हजारात एकदाऐवजी साडेपाच वेळा! मोटारी वाढवाल तसा साधा गुणाकार जास्त फसवतो.

आपल्या हुबळीत जन्मलेले नोझर सिंगपूरवाला आणि डेनिस लिंडली या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये हेच गणितात मांडलं. भाग एकमेकांना शिवतही नसले, तरी एकाच परिस्थितीत चालतात म्हणून त्यांची आयुष्यं बांधलेली असतात. यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की पहिली मोटार जळणं ही दुसरीबद्दलची बातमी असते. वरच्याच आकड्यांत पहिली गेली, की दुसरीचा धोका दहात एकवरून पाचात एक होतो. हंगाम वाईट आहे, हे तिनं सांगितलेलं असतं.

जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रातही हेच झालं. तिथं २०११ साली त्सुनामीच्या पाण्यानं बहुतेक डिझेल जनरेटर एकदमच बंद पाडले. सहाव्या युनिटचा एक चालू राहिला. तो हवेनं थंड होणारा होता आणि उंचावर बसवलेला होता.

म्हणून दुसरी मोटार घ्यायचीच तर दुसऱ्या टीसीवर घ्या. ते जमत नसेल तर दोन्ही स्टार्टरला प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारं यंत्र) लावा आणि तो डायरेक्ट करू नका, म्हणजे वगळून मोटार चालवू नका. आणि पहिली थांबली की दुसरीच्या बटणाला हात लावण्याआधी पेटीवरचे तिन्ही फेजचे दिवे लागलेत का ते बघा.