होप स्ट्रीटवरच्या विटा

लाइम स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडलं की थोड्याच वेळात माउंट प्लेझंटचा चढ लागतो. पाऊस भुरभुरत होता, तरी चालतच निघाले. चढ संपतो तिथे मुकुट घातल्यासारखं दिसणारं कॅथलिक कॅथेड्रल आणि त्याच्यासमोर, होप स्ट्रीटवर, एव्हरीमन थिएटर. लिव्हरपूलला लोक बीटल्ससाठी येतात. मी आले होते पीट पोस्टलथ्वेटसाठी.

नावावरून कदाचित आठवणार नाही, पण वर आलेली गालाची हाडं आणि खोल गेलेले डोळे तुम्ही पडद्यावर नक्की पाहिले असतील. जन्म १९४६चा, जवळच्याच वॉरिंग्टनचा. वडील लाकडी पिंपं बनवणारे. काही वर्षं शिक्षकी केली, मग ब्रिस्टलला अभिनय शिकून सत्तरच्या दशकात तो इथे आला. ज्यूली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस ही त्याच्यासोबतची मंडळी. नाव बदल, असं त्याला एजंटनं सांगितलं होतं. एवढं लांब नाव दिव्यांत झळकवायचं तर थिएटरवाल्यांना वीज परवडायची नाही! त्यानं नाव बदललं नाही.

मी रस्त्याच्या पलीकडे बराच वेळ उभी होते. थिएटरच्या दर्शनी भागावर धातूच्या १०५ झडपा आहेत आणि प्रत्येकीवर याच शहरातल्या एकेका माणसाचं पूर्णाकृती छायाचित्र. कुणी नट नाही, राजा नाही. या माणसाचं काम आठवायला याहून योग्य जागा मला सुचत नाही. 'इन द नेम ऑफ द फादर'मध्ये निरपराध असून तुरुंगात खंगत गेलेला बाप त्यानं केला आणि ऑस्करचं नामांकन मिळवलं. 'ब्रास्ड ऑफ'मध्ये तो बंद पडणाऱ्या कोळसा खाणीतल्या कामगारांचा बँडमास्तर आहे. छाती खाणीच्या धुळीनं पोखरलेली, तरी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये उभा राहून जिंकलेला चषक नाकारतो आणि आपल्या माणसांचं काय झालं ते सगळ्यांना ऐकवतो. तो प्रसंग मी कितीदा पाहिला असेल! स्पीलबर्गनं त्याला जगातला सर्वोत्तम नट म्हटलं होतं. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

इतकं नाव झाल्यावर, २००८ साली, तो 'किंग लिअर' करायला इथेच परत आला. बेलवलकरांच्या 'कुणी घर देता का घर'वर वाढलेल्या आपल्याला त्या म्हाताऱ्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. २ जानेवारी २०११ रोजी कर्करोगानं पोस्टलथ्वेट गेला. त्याच वर्षी जुनं थिएटरही पाडलं. २०१४ साली उघडलेली ही इमारत नवी आहे, हे कळल्यावर मी जरा खट्टू झाले होते.

पण जुन्या इमारतीच्या सुमारे २५,००० विटा जपून ठेवल्या होत्या आणि नव्या प्रेक्षागृहाच्या भिंती त्यांच्याच बांधल्या आहेत. संध्याकाळच्या खेळाचं तिकीट काढून आत गेले. मंचाला तिन्ही बाजूंनी वेढणाऱ्या चारेकशे खुर्च्या. बसण्याआधी भिंतीला हात लावला. वीट खडबडीत होती, कडा झिजलेल्या. त्याचा लिअर याच विटांच्या आत ओरडला होता. घंटा झाली तरी माझा हात तिथेच होता.