कोर्लई: किल्ला पाहून लगेच परत फिरू नका

रेवदंड्याहून मुरूडकडे निघालेल्या बहुतेक गाड्या कोर्लईला तासाभरासाठी थांबतात. दीपगृहापाशी गाडी लावायची, मागच्या पायऱ्यांनी किल्ल्यावर जायचं, खाडीच्या मुखाचे फोटो काढायचे आणि काशिदचा रस्ता धरायचा. किल्ला देखणा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण दीपगृहाकडे जाताना ज्या गावातून आपण हॉर्न वाजवत पुढे जातो, त्या गावाकडे किल्ल्याहून दुर्मीळ गोष्ट आहे. इथली ख्रिस्ती माणसं घरात जी भाषा बोलतात ती पोर्तुगीजपासून इथेच घडली. तिचं नाव ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’. बोलणारे हजाराच्या आत-बाहेर, आणि सगळे मुळात या एका गावचे. म्हणून कोर्लईला अर्धा दिवस तरी द्या, आणि जमलं तर सकाळ रेवदंड्याला द्या. कोर्लईची गोष्ट तिथून सुरू होते.

मुंबईहून येणाऱ्यांना गेटवेवरून मांडव्याची बोट सोयीची. समुद्रात साधारण तासभर लागतो, पुढे मांडवा ते अलिबाग वीसेक किलोमीटर. स्वतःची गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणारी रो-रो बोट आहे. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा रो-रोने किंवा पेण-वडखळमार्गे रस्त्याने यावं लागतं. शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी वडखळला गाड्या तुंबतात. मधल्या वारी जाता आलं तर दोन-तीन तास सहज वाचतात. अलिबागहून रेवदंडा सतरा-अठरा किलोमीटर, तिथून कुंडलिकेवरचा पूल ओलांडून साळाव आणि मग कोर्लई. रेवदंडा अलिबाग तालुक्यात, कोर्लई मुरूड तालुक्यात. अलिबाग-मुरूड एसटी रेवदंड्यावरून जात असेल तर ती कोर्लईला सोडते. बसताना वाहकाला विचारून घ्या, कारण मुरूडला रोह्याकडूनही गाड्या जातात.

वाटेत आक्षी लागतं. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२चा मराठी शिलालेख इथला. घाईत असाल तर परतताना पाहा, पण चुकवू नका.

रेवदंड्यात शिरताना एक गोष्ट लक्षात येत नाही: आपण किल्ल्याच्या आत आलेलो असतो. तटबंदी अख्ख्या गावाला वेढून आहे आणि एसटीचा रस्ता तिच्यातूनच जातो. नारळी-पोफळीच्या वाड्या, घरं, शाळा, सगळं पोर्तुगीजांच्या जुन्या शहरावर वसलंय. हे शहर म्हणजे पोर्तुगीज कागदांतलं ‘चौल’. मूळचं चौल बंदर त्याहून कितीतरी जुनं आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथेच उतरला, आणि त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. मार्च १५०८मध्ये याच खाडीच्या तोंडाशी इजिप्तच्या आणि दीवच्या आरमारांनी मिळून पोर्तुगीजांना हरवलं. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेइदा मारला गेला. तरीही १५२१मध्ये अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधायला घेतला, आणि पाहता पाहता तटबंदीचं शहर उभं राहिलं.

रेवदंड्यात दीड ते दोन तास पुरतात. सातखणी बुरुज शोधायला सोपा आहे. गावात कोणालाही विचारा, पण ‘बुरुज’ या नावावर विसंबून राहू नका. तो फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा मनोरा आहे. खण सात होते म्हणून नाव सातखणी, वरचे आता पडलेत. आत शिरून वर चढायचा मोह टाळा. चुन्याचे सांधे सुटलेत आणि दगड वरून निखळतात. तटावरून चालताना काटेरी झुडपं आणि लपलेले खड्डे असतात, म्हणून पूर्ण पायघोळ पँट आणि बंद बूट हवेत. अवशेषांपैकी बरेचसे कोणाच्या ना कोणाच्या वाडीत आहेत. कुंपण ओलांडण्याआधी आवाज द्या. बहुतेक वेळा घरातलं कोणीतरी बाहेर येऊन वाट दाखवतं.

इथेच बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघरही आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून या लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणत. नवगावकर, केहीमकर, रोहेकर ही त्यांची आडनावं याच किनाऱ्यावरच्या गावांवरून पडलेली. १९४८नंतर बहुसंख्य कुटुंबं इस्रायलला गेली. सिनेगॉग आतून पाहायचं तर शनिवार सोडून जा आणि राखणदाराला विचारा. पुरुषांनी डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवावा.

आता कोर्लई. पुलावरून खाडीच्या मुखाकडे पाहिलं की पाण्यात घुसलेली डोंगराची एक लांबट, चिंचोळी सोंड दिसते. तिच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. सोंड ज्याच्या हातात, त्याच्या हातात रेवदंड्यात येणारं-जाणारं प्रत्येक जहाज. हे निजामशाहीने ओळखलं आणि १५९४मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाच्या काळात इथे किल्ला बांधायला घेतला. समोरच्या तीरावर पोर्तुगीज होते. त्यांना हे परवडणारं नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी हल्ला करून तो जिंकला, आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षं तो त्यांच्याकडेच राहिला. १६८३मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेनेही इथे प्रयत्न केला, पण किल्ला हाती आला नाही. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई घेतल्यावर मात्र पोर्तुगीजांचा गोव्याच्या उत्तरेकडचा कणाच मोडला. १७४०मध्ये रेवदंडा आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आले.

किल्ल्यावर जायला दोन वाटा आहेत. दीपगृहामागच्या पायऱ्यांनी पंधरा-वीस मिनिटांत तटाशी पोचता येतं. दुसरी वाट गावाकडच्या टोकाने धारेवर चढते. ती थोडी लांबची, पण किल्ल्याची रचना समजायला हीच चांगली. किल्ल्याला अकरा दरवाजे आहेत. इतके कशाला, हा प्रश्न अनेकांना पडतो. डोंगर इतका अरुंद की तट रुंदीला वाढवायला जागाच नाही. मग लांबीलाच आडव्या भिंती घालून किल्ल्याचे कप्पे केले, आणि प्रत्येक भिंतीत दरवाजा ठेवला. शत्रूने एक कप्पा घेतला तरी पुढच्या भिंतीआडून लढता येतं. गावाकडच्या वाटेने आलात तर हे कप्पे एकामागून एक ओलांडत जाता. दीपगृहाच्या वाटेने थेट मधेच घुसता आणि सगळा आराखडा हरवतो. वेळ असेल तर गावाकडून चढा आणि दीपगृहाकडे उतरा.

वर तीन गोष्टी थांबून पाहाव्यात. एक, छप्पर गेलेलं चर्च. दुसरी, पावसाच्या पाण्याचं टाकं. समुद्राने वेढलेल्या या खडकावर शिबंदी टिकली ती या पाण्यावर. ते आज पिऊ नये. तिसरी, मराठ्यांच्या काळातलं महादेवाचं छोटं देऊळ आणि समोरचं वृंदावन, जे चर्चपासून हाकेच्या अंतरावर आहे. तोफा जागोजागी पडल्यात. त्यांच्यावर मुलांना बसवून फोटो काढू नका. खालचा दगड हलला की तोफ घरंगळते. शिवाय गंजाचे पापुद्रे आधीच सुटतायत.

माथ्यावर सावली जवळपास नाही. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, आणि सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी साडेतीननंतर चढाई असा हिशेब ठेवा. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि खाली उतरताना पाय हमखास घसरतो. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढं असतं आणि त्यात पायाखालचं जनावर दिसत नाही, काठी आपटत चाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सुखाचा काळ.

सोंडेच्या उत्तर टोकाला, पाण्यालगत बुरुज आहे. तिथपर्यंत आतून उतरा. खालून खडकांवरून वळसा घालायची कल्पना अनेकांना सुचते, आणि भरती आली की ते अडकतात. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब फोनला रेंज नसतानाही चालतो: पंधरवड्यातल्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तेवढे वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास आणि उधाणाची. अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, तेवढी सूट धरा. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड ब्लेडसारखी लागते. अनवाणी जाऊ नका.

मग गाव. १७४०मध्ये पोर्तुगीज अधिकारी, सैनिक, पाद्री आणि पैसेवाले निघून गेले. मागे राहिली ती शेतात राबणारी, धर्मांतरित झालेली गरीब कुटुंबं. राजवट गेली, पण धर्म राहिला. आजूबाजूच्या हिंदू समाजाशी लग्नसंबंध नव्हते आणि गोव्याशी रोजचा संपर्क नव्हता. या दुहेरी तुटलेपणात त्यांची भाषा एका वस्तीपुरती जिवंत राहिली. चर्चमध्ये पोर्तुगीज जाणणारे पाद्री १९६०च्या दशकापर्यंत येत राहिले, त्याचाही तिला आधार मिळाला. नंतर प्रार्थना मराठीत आली. शाळा मराठीत होतीच. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या भाषेचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि तिची घडण जगापुढे मांडली.

मराठी माणसाला या भाषेत विशेष गंमत वाटेल, कारण तिच्या हाडात मराठी शिरलीय. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जातं. पोर्तुगीज शब्दांचे शेवटचे स्वर इथे गळून पडतात: घराला पोर्तुगीजमध्ये ‘काझा’, इथे ‘काझ’, आणि तो झ आपल्या ‘माझा’मधला. चाराचा ‘क्वात्रु’ इथे ‘क्वात’ होतो. गावात कोणी आपापसात बोलत असेल तर पहिल्यांदा मराठीच कानावर पडतेय असं वाटतं, कारण चाल तीच आहे. मग एकही शब्द ओळखीचा लागत नाही.

चर्च कार्मेल माउलीचं. त्याच्या आसपासची वस्ती ख्रिस्ती, रोझारिओ, मार्टिस अशी आडनावं. ही मंडळी परंपरेने शेतकरी: भात आणि भाजीपाला. समुद्राकडच्या बाजूला कोळीवाडा. दोन्हीकडच्या माणसांशी आपण मराठीतच बोलायचं, हे सांगायलाच नको, तरी सांगावंसं वाटतं, कारण बाहेरचे लोक इथे येऊन उगाच इंग्रजीत सुरू होतात. मोठ्या माणसांना काका, मावशी, आजी म्हणा. मुलांना अडवून ‘जरा तुमच्या भाषेत बोलून दाखव’ असं म्हणू नका. गावाला याचा मनापासून कंटाळा आहे, आणि तो रास्त आहे. चर्चपाशी बसा, आपण कुठून आलो ते सांगा. भाषेचा विषय निघायचा असेल तर समोरून निघतो. रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना असते. भक्त म्हणून मागे बसायला हरकत नाही, पण कॅमेरा गाडीत ठेवा. दफनभूमीत जायचं असेल तर पाद्रींना आधी विचारा.

कोळीवाड्यात रस्त्याकडेला आणि पुळणीवर जवळा पसरलेला असतो, बांबूंवर बोंबील टांगलेले असतात. गाडीचं चाक त्या जवळ्यावरून गेलं तर एका घराची दिवसभराची मेहनत जाते. दीपगृहाचा रस्ता एका वेळी एकच गाडी जाईल इतका अरुंद आहे. मोठी गाडी गावाबाहेर लावून चालत जाणं शहाणपणाचं, आणि मिनीबस तर आत नेऊच नये. दीपगृह आतून पाहायचं असल्यास तिथल्या कर्मचाऱ्यांना वेळ विचारून घ्या, आणि किल्ल्यावरून उतरेपर्यंत ती टळणार नाही असं बघा.

सुकी मासळी घ्यायची तर वाळवणाऱ्या बाईकडूनच घ्या. बोंबील वाकवल्यावर कडकन मोडला पाहिजे. नुसता वाकला तर आत ओल आहे आणि घरी आठवड्यात बुरशी धरेल. जवळ्यात वाळू असते, म्हणून मूठभर हातावर घासून पाहा. कागदात बांधून वर दोन प्लास्टिकच्या पिशव्या घाला, नाहीतर बोटीतले सहप्रवासी बोलतील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या पापलेटच्या आशेवर येऊ नका. गावात जेवायची मोजकी सोय असते आणि तीही आधी सांगितलं तर. सकाळी वर चढताना जेवणाचं सांगून ठेवा, उतरेपर्यंत ताट तयार मिळतं.

एसटीने परतणार असाल तर गावात पोचल्याबरोबर संध्याकाळच्या गाड्यांची वेळ थांब्याजवळच्या दुकानात विचारा. मुरूडहून येणारी गाडी शनिवार-रविवारी काशिदलाच भरते आणि कोर्लईला उभं राहायलाही जागा उरत नाही. तेव्हा शेवटच्या गाडीवर अवलंबून न राहता तिच्या आधीची धरा. तीही चुकली तर विक्रम-मिनीडोर रिक्षाने रेवदंड्यापर्यंत या. तिथून अलिबागची गाडी मिळणं सोपं जातं.