अमोनिया बनवायला साडेचारशे डिग्री कशाला?

कोपरखैरणेत माझ्याकडे अकरावीची मुलं केमिस्ट्रीला येतात, इक्विलिब्रियमचा (पुढची आणि उलटी रिअ‍ॅक्शन सारख्याच वेगाने चालून तोल साधतो ती स्थिती) धडा आला की नियम सगळ्यांना तोंडपाठ. प्रेशर वाढवलं की रिअ‍ॅक्शन कमी मोलवाल्या (म्हणजे गॅसचे कण कमी असलेल्या) बाजूला सरकते, टेम्परेचर वाढवलं की उष्णता शोषणाऱ्या बाजूला. मग मी विचारते, नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनताना उष्णता बाहेर पडते, म्हणजे थंड ठेवलं तर जास्त अमोनिया मिळायला हवा ना, मग कारखान्यात ४०० ते ५०० डिग्री कशाला ठेवतात? वर्ग एकदम गप्प.

मला हा प्रश्न अख्ख्या धड्यात सगळ्यात आवडतो. इक्विलिब्रियम फक्त एवढंच सांगतं की रिअ‍ॅक्शन कुठपर्यंत जाईल, तिथे कधी पोचेल ते नाही सांगत. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला ट्रिपल बॉन्ड (तिहेरी बंध) इतका चिवट की थंडीत वर्षानुवर्षं थांबलात तरी हाताला काही लागणार नाही, म्हणून अमोनिया थोडा कमी मिळाला तरी चालवून घ्यायचं आणि वेग घ्यायचा. लोखंडाचा कॅटॅलिस्ट (स्वतः न संपता रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) पण वेगासाठीच, तो पुढची आणि उलटी दोन्ही रिअ‍ॅक्शन सारख्याच पळवतो त्यामुळे इक्विलिब्रियम जागचं हलत नाही. (परीक्षेत हे हमखास विचारतात आणि हमखास चुकतं.)

प्रेशर-टेम्परेचरचा हा नियम ज्यांच्या नावाचा आहे ते फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ले शातेलिए, त्यांनी १८८४ मध्ये तो मांडला आणि १९०१ च्या सुमारास स्वतः अमोनिया बनवायला घेतला, पण उपकरणात हवा शिरून स्फोट झाला आणि त्यांनी तो नाद सोडला. १९०९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबरनी ते करून दाखवलं, बॉशनी त्याचा कारखाना केला, १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊला.

आपल्याकडे खाडीपलीकडे ट्रॉम्बेला आरसीएफमध्ये (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सरकारी कंपनीत) खतासाठी अमोनिया बनतो, वाशीच्या पुलावरून जाताना मी मुलांना तिकडे बोट दाखवते. चार मोलचे (एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन) दोन मोल अमोनिया होतात म्हणून अशा प्लांटमध्ये प्रेशर साधारण १५० ते २५० अ‍ॅटमॉस्फिअर, आणि एवढं करूनही एका फेरीत जेमतेम १५ टक्के गॅसचा अमोनिया होतो. खरी गंमत पुढे आहे. बाहेर आलेला गॅस थंड करतात, अमोनिया द्रव होऊन खाली उतरतो, तो काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन-हायड्रोजन परत आत. अमोनिया साठूच दिला नाही तर उलटी रिअ‍ॅक्शन जोर धरणार कशी? असं फिरवत फिरवत शेवटी जवळजवळ सगळा गॅस वापरला जातो.