तुम्ही विचारलंत म्हणून : फुली कुठे मारली?

दरवर्षी गणपतीत हा प्रश्न येतोच. आरती झालेली असते, हातात शिऱ्याची वाटी असते आणि दोन-तीन वर्षांपूर्वी इंग्लंडात, इथे स्विंडनला आलेलं कुणीतरी विचारतं, "काकू, ब्रेक्झिटच्या वेळी तुम्ही इथेच होतात ना? मत होतं तुम्हाला? मग कुणाला दिलंत?" इतकी वर्षं मी "गुप्त मतदान असतं गं" म्हणून टाळत आले. गेल्या खेपेला विचारणाऱ्या मुलीनं स्वतःच उत्तर देऊन टाकलं, "रिमेनलाच असणार. आपण कशाला लीव्हला देऊ?" त्या 'आपण'नं माझं डोकं फिरलं. घरी येऊन भांडी आदळली, नवऱ्यानं काय झालं विचारलं, त्यालाही सांगितलं नाही.

तर लीव्हला, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडायलाच दिलं. २३ जून २०१६, गुरुवार, रात्री साडेआठच्या सुमारास.

आता तुमच्या मनात जे जे आलं असेल ते एकेक खोडते. आठवड्याला ३५ कोटी पौंड वाचतील असं लिहिलेल्या, लीव्हच्या प्रचाराच्या त्या लाल बसवर माझा विश्वास नव्हता. रोजचे हिशेब तपासण्यातच माझी नोकरी गेली आहे. लीव्हचे पुढारी फराज यांच्या त्या पोस्टरवरची स्थलांतरितांची रांग बघून मला शिसारी आली होती, त्या रांगेतले चेहरे माझ्याच रंगाचे होते. तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल म्हणत होत्या की युरोपातून बाहेर पडलो तर करी हाउसं, इथली आपल्या जेवणाची हॉटेलं, वाचतील, म्हणजे आपल्याकडचे आचारी आणता येतील. त्या जेवणाला मी घरी नावं ठेवते, त्यासाठी देशाचं भवितव्य कशाला पणाला लावू?

मी मत दिलं ते माझ्या बाबांसाठी. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं होतं.

आई गेल्यावर बाबा सांगलीत एकटे होते. निवृत्त मास्तर, पेन्शन बरी, गुडघे वाईट. मी एकुलती एक. जुलै २०१२ मध्ये इथला नियम बदलला. परदेशातल्या आईवडिलांना कायमचं आणायचं, तर वय, आजार किंवा अपंगत्वामुळे त्यांना रोजच्या कामांना दुसऱ्याचा हात लागतो हे दाखवायचं, आणि तो हात त्यांच्या देशात पैसे टाकूनही मिळत नाही हेही दाखवायचं. मिरज शेजारी असताना हे कोण कसं दाखवणार? तिथे तर लांबलांबून लोक उपचाराला येतात. बाबांना स्वतःहून अंघोळ करता येते का, असं डॉक्टरकडून लिहून आणायला मी त्यांना लावलं. त्यांनी आणलं. डॉक्टरनं प्रामाणिकपणे 'येते' असं लिहिलं होतं. अर्ज नामंजूर. पैसे पाठवू शकणारी मुलगी असली की भारतात माणूस ठेवता येतो म्हणून नकार, आणि नसली तर ती बापाला इथे पोसणार कशी म्हणून नकार.

त्याच वर्षी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या पोलिश मुलीची आई आली. एक बॅग आणि मुरांब्याच्या चार बरण्या घेऊन. विमानाचं तिकीट काढलं नि आली. युरोपातल्यांना तसं येता येत होतं. ती बाई फार मायाळू होती. उकडलेल्या करंज्यांसारखं काहीतरी करून डब्यातून पाठवायची, मला वेगळा वाटा असायचा. मी खायचे, छान आहे म्हणायचे आणि प्रत्येक घासाला मनात यायचं, तुझी आई का, माझे बाबा का नाहीत?

याला तुम्ही मत्सर म्हणा. मी तेव्हा न्याय म्हणत होते. सगळ्यांना एकच नियम लावा, मग तो सगळ्यांसाठी सैल करावा लागेल, असा माझा हिशेब होता. हिशेब तपासणाऱ्या बाईचा हिशेब.

इथपर्यंतचं सांगायला मला कधीच अडचण नव्हती. अडचण पुढे आहे.

आमच्या शेजारच्या घरात पेडण्याचं एक कुटुंब राहतं. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. घरच्या यजमानांचे वडील पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले, म्हणून लिस्बनला नोंद करून यजमानांना पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला. पोर्तुगाल त्यांनी एकूण नऊ दिवस पाहिलेलं. गोदामात रात्रपाळी. मी त्यांना बाब म्हणते, ते मला बाय म्हणतात. ते चौथीपर्यंत मराठी शाळेत होते, त्यामुळे आमच्यात दोन्ही भाषांची मिसळ चालते.

मतदानाच्या आठवड्यात माझा पाय मुरगळला होता. नवरा गाडी घेऊन कार्डिफला. मतदानाची शाळा मैलभर लांब. खरं सांगते, संध्याकाळी सातला मी ठरवलं होतं की जाऊ दे. आठला दारावर थाप. बाब कामावर निघाले होते, अंगात ते चकाकणारं पिवळं जाकीट. "चला बाय, सोडतो आणि परत आणतो. अजून वेळ आहे."

मी नको म्हटलं. पाय दाखवला.

"तुका मत आसा, माका ना," ते म्हणाले. "माझ्या वाटणीचंही तुम्हीच मारा."

हे जरा समजून घ्या, कारण नव्या मुलांना ते खरंच वाटत नाही. माझ्याकडे तेव्हा भारतीय पासपोर्ट होता. भारत राष्ट्रकुलात, म्हणून इथे राहणाऱ्या भारतीयाला सार्वमतात मत होतं. पोर्तुगाल युरोपीय संघात, आणि ज्या संघाबद्दल सार्वमत होतं त्याच्याच नागरिकांना, आयरिश आणि आणखी एकदोन अपवाद सोडले तर, मत नव्हतं. काउन्सिलच्या निवडणुकीत बाब मत देत, या वेळी नाही. आमच्या दोघांच्या गावांमध्ये काही तासांचा प्रवास. माझ्या आजोबांवर इंग्रजांचं राज्य होतं म्हणून मला मत, त्यांच्या वडिलांवर पोर्तुगीजांचं होतं म्हणून त्यांना नाही.

मी गाडीत बसले.

वाटेत ते त्यांच्या गावच्या सार्वमताबद्दल बोलायला लागले. १६ जानेवारी १९६७ चं, गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा यासाठीचं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं. बाब तेव्हा जन्मलेही नव्हते, पण घरात ते रोज ऐकलेलं. "माझ्या बापायन फुलाक मत दिलेलं, काकान दोन पानांक. एकाच घरात. मग दहा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. विहिरीवर सुद्धा वेळा वेगळ्या." चौतीस हजारांच्या फरकानं दोन पानं जिंकली. बाबचे वडील हरले. "मत म्हणजे काय," सिग्नलला थांबल्यावर ते म्हणाले, "घरात कोणी कोणाला सांगू नये, एवढंच शिकलो."

शाळेच्या फाटकाशी गाडी लावून ते आत बसून राहिले. मी लंगडत गेले. कागदावर दोन चौकटी, दोरीला बांधलेली पेन्सिल. हात थरथरला, डोळ्यांपुढे अंधारी आली, असलं काही झालं नाही. आठ-दहा सेकंद लागले असतील. बाबांच्या डॉक्टरचं 'येते' आठवलं आणि मी खालच्या चौकटीत फुली मारली. गाडीत येऊन बसले. त्यांनी विचारलं, "झालें?" मी म्हटलं, "झालं." मला घरी सोडून ते कामावर गेले. उशीर झाला होता त्यांना, पाळीतले पैसेही कापले गेले असतील. मी कधी विचारलं नाही.

पहाटे पावणेपाचच्या आत बीबीसीवर लीव्ह जिंकल्याचं स्पष्ट झालं. सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होते आणि बाब पाळीवरून परतत होते. तेच जाकीट. जवळ आले आणि म्हणाले, "तुमचं मत वाया गेलं, बाय."

माझंच सांत्वन करत होते. ज्यांच्या डोक्यावर टांगती तलवार लटकली तो माणूस माझं सांत्वन करत होता. मग जरा थांबून, "आता आम्हाला पाठवतील काय?"

मी म्हटलं, "नाही हो, काही होत नाही." आत बोलावलं, आलं घालून चहा केला. चहा पिताना त्यांनी पायाचं विचारलं.

तुम्हाला वाटतं मला नंतर कुणीतरी रस्त्यात 'घरी जा' म्हटलं असेल आणि माझे डोळे उघडले असतील. तसल्या गोष्टी इथे घडल्या, माझ्याबाबतीत नाही घडली. घडली असती तर सोपं झालं असतं, मीही पीडितांच्या रांगेत उभी राहिले असते.

एका मतानं काय होतं, असं नवरा म्हणेल. देशभरात फरक १२ लाख ६९ हजार ५०१ मतांचा होता, स्विंडनमध्ये लीव्हला ५४.७ टक्के. माझं मत नसतं तरी तेच. हे मी स्वतःला हजारदा सांगितलंय. पण मग ते मत बाबांसाठी दिलं होतं या म्हणण्यालाही काय अर्थ उरतो? एका मतानं काही होत नसेल तर त्यानं बाबाही येणार नव्हते.

आलेच नाहीत. तो नियम आजही तसाच आहे. सैल करावा लागेल म्हणाले होते ना मी? झालं एवढंच की आता नव्यानं येणाऱ्या युरोपातल्यांच्या आईवडिलांनाही तोच लागतो. सगळ्यांना एकच नियम. मागितलं तेच मिळालं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली तेव्हा बाबांना शेजाऱ्यांनी वरच्या मजल्यावर नेलं, मी इथून फोन लावत बसले. २०२० च्या उन्हाळ्यात ते गेले. विमानं बंद होती, मी सगळं मोबाइलवर पाहिलं. त्या रात्री कुंपणापलीकडे बाब उभे होते. आत यायला परवानगी नव्हती. पेजेचं पातेलं कुंपणावर ठेवून दोन पावलं मागे सरले.

२०१९ मध्येच त्यांचे ब्रेक्झिटनंतरही इथे राहण्याचे अर्ज मी भरून दिले होते. त्या अर्जाचं अ‍ॅप सुरुवातीला फक्त अँड्रॉइडवर चालायचं आणि त्यांच्या घरात माझ्यासारखा फोन नव्हता. पासपोर्टवर फोन टेकवायचा, चेहरा दाखवायचा. चौघांचे अर्ज माझ्या स्वयंपाकघरात झाले. त्या वेळी सांगायचं मनात आलं होतं. बाबच्या घरच्या वहिनींनी खतखतं, त्यांच्याकडची मिश्र भाजी, आणलं आणि राहिलं.

२०१६ मधली मी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, रिमेनला दिलं असतंस तर बाबा आले असते का? नाही. पोलिश बाईचं काही काढून घ्यायला गेले होते का मी? नाही. मग कशाची लाज? मी तिला म्हणते, मत दे, पण त्यांच्या गाडीतून जाऊन? ती म्हणते, पाय मुरगळला होता. आणि नव्या मुलांनो, तुम्हालाही एक सांगते. २०२१ मध्ये आलेल्या व्हिसाच्या ज्या नियमांनी तुमची वाट मोकळी झाली, ते त्या फुलीनंतरचेच. म्हणून तुम्ही माझे आभार मानावेत असं नाही. पण 'आपण' म्हणताना जरा जपून.

वर लिहिलंय, शेजारचे बाब चौथीपर्यंत मराठी शाळेत होते. म्हणजे हे ते वाचू शकतात. लिहिताना ते माझ्या ध्यानात होतं.

मध्यंतरी त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. ४ जुलै २०२४, पुन्हा गुरुवार, पुन्हा तीच शाळा. या वेळी गाडी मी चालवली. त्यांचं इथल्या पार्लमेंटसाठीचं पहिलं मत. मला म्हणाले, "त्या दिवशी मी बाहेर थांबलो, आज तुम्ही थांबा, मग तुमचं करा." मी थांबले. दहा मिनिटांनी आले, नवा पासपोर्ट खिशात सारत.

"कुणाला दिलंत?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

हसले. "सांगितलं तर दहा वर्षं बोलायचं नाय तुम्ही." आणि माझ्या हातातून किल्ली घेऊन म्हणाले, "जावा, रांग नाय आत."