वाजणारा तारपा, न वाजणारा तारपा

जव्हारला लोक जातात ते पावसाळ्यात, दाभोसा धबधब्यासाठी. मी गेलो ऑक्टोबरात, तारप्यासाठी, म्हणजे भोपळा आणि बांबूच्या फुंकून वाजवायच्या आदिवासी वाद्यासाठी. नाशिकहून त्र्यंबकेश्वर, तोरंगण घाट, मोखाडा आणि मग जव्हार असा रस्ता आहे. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास, पण घाट आणि खड्डे धरले तर वेळेचा हिशोब न केलेलाच बरा. मोखाडा सोडलं की खाली खाचरांत पिवळं पडलेलं भात आणि वर उतारावर नागली. मुकण्यांच्या संस्थानाचा राजवाडाही इथे आहे, जय विलास पॅलेस. तो बाहेरून पाहिला, फोटो काढला आणि पुढे निघालो.

ज्यांच्याकडे उतरलो ते तारपे बनवतात आणि वाजवतातही. त्यांचं नाव लिहीत नाही, पाड्याचंही नाही. अट त्यांनीच घातली. "नंबर टाकू नका कुठं. लोक रात्री अकराला फोन लावतात आणि विचारतात, लहानवाला केवढ्याला?" साठी ओलांडलेले गृहस्थ. मी त्यांना बाबा म्हणायला लागलो, ते मला शेवटपर्यंत "सर" म्हणत राहिले. कितीही सांगितलं तरी बदललं नाही.

तारपा सगळ्यांनी पाहिलेला असतो, फक्त चित्रात. वारली चित्रातला तो नाचणाऱ्यांचा गोल गोल वळत जाणारा वेढा आणि मधोमध लांबट वाद्य फुंकणारा माणूस, तोच तारपकरी. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं घराच्या भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं. आता तो वेढा चहाच्या कपावर, साडीच्या पदरावर, स्टेशनच्या भिंतीवर आहे. मधल्या माणसाच्या हातातलं वाद्य कसं वाजतं, हे मात्र विचारून बघा. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा कुठे वर्तमानपत्रांनी तारप्याचा फोटो छापला.

बाबांचा दिवस तारप्याने सुरू होत नाही. सकाळी कोरा चहा घेऊन ते विळा घेऊन खाचरात जातात, कारण भात कापणीला आलेलं असतं आणि ते थांबत नाही. ऊन चढलं की घरी येतात, नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी खातात आणि मग ओट्यावर हत्यारं मांडतात. हत्यारं म्हणजे एक कोयता, घासून धार लावलेलं हॅकसॉचं तुटकं पातं, दाढीचं अर्धं ब्लेड, दोन-तीन जाडीच्या लोखंडी सळया आणि एका डब्यात काळपट मेण. एवढ्यावर सगळा कारखाना चालतो.

घरामागच्या मांडवावर भोपळ्याचे वेल आहेत. हा भोपळा खायचा नाही, कडू असतो. पावसाच्या सुरुवातीला बी लावायचं, फळ वेलावरच जून होऊ द्यायचं, साल टणक झाली की उतरवायचं आणि मग वाळत ठेवायचं. आतला गर सुकला की देठाशी भोक पाडून बिया हलवून हलवून काढायच्या. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे दहा भोपळ्यांतले दोन-तीन कामाचे निघतात. कुणाला चीर जाते, कुणाला कीड लागते, कुणाचं पोट एका बाजूला सुटतं. चांगल्या आकाराच्या फळाचं बी जपून ठेवतात. मावशींनी, म्हणजे बाबांच्या घरच्यांनी, फडक्यात बांधलेली ती पुरचुंडी दाखवली, पण उघडू दिली नाही.

तारप्याची रचना सांगायला सोपी आहे. वर भोपळा, त्यात फुंकर मारायची. खाली शेजारी शेजारी बांधलेल्या बांबूच्या दोन नळ्या, त्यांवर तापल्या सळईने पाडलेली बोटांची भोकं. शेवटी ताडाच्या पानांचा गुंडाळत गुंडाळत केलेला भोंगा. सांधे मेणाने बुजवलेले. खरी गंमत मात्र बाहेरून दिसत नाही, ती भोपळ्याच्या पोटात असते.

नळीच्या वरच्या टोकाला बोरूएवढ्या बारीक बांबूचा एक तुकडा बसवतात. त्याच्या एका टोकाला पेराची गाठ तशीच ठेवायची, म्हणजे ते टोक आपोआप बंद राहतं. मग ब्लेडने त्याच्या अंगावर एक लांबट जीभ सोडवायची. जीभ तीन बाजूंनी मोकळी, एका बाजूने बांबूलाच जोडलेली. बाबांनी ती माझ्यासमोर कापली. कापताना बोलणं बंद. जीभ अंगाला अगदी चिकटून राहिली तर वाजत नाही, फार उघडली तर फुंकर वाया जाते. म्हणून त्यांनी मावशींच्या डोक्याचा एक केस मागितला, जिभेच्या बुडाशी सरकवला आणि तुकडा तोंडात धरून फुंकला. बारीक, चिडका आवाज आला. त्यांनी मान हलवली आणि जिभेच्या टोकावर मेणाचा मोहरीएवढा ठिपका लावला. आवाज खाली उतरला. आणखी थोडं मेण, आणखी खाली. मग नखाने अर्धं मेण काढलं.

अशा दोन जिभा, दोन नळ्यांना. त्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. जुळल्या नसतील तर दोन्ही मिळून येणारा आवाज थरथरतो. जसजशा जवळ येतात तशी थरथर मंद होत जाते आणि एका क्षणी थांबते. कुठलं यंत्र नाही, मोबाईलमधलं अ‍ॅप नाही. नातवाने एकदा असं अ‍ॅप लावून दाखवलं होतं म्हणे. बाबांचा शेरा असा की त्या डबड्याला थरथर ऐकू येत नाही, त्याला नुसता आकडा दिसतो.

मेणाचं दुखणं वेगळंच. ते रानातल्या पोळ्याचं लागतं. उन्हाळ्यात ते मऊ पडून सांध्यातून हवा निसटते, थंडीत कडक होऊन तडकतं. म्हणून वाजवायच्या आधी दरवेळी डागडुजी. तयार तारपे घरात चुलीच्या वर आढ्याला टांगलेले असतात. धुराने कीड लागत नाही आणि बांबू कोरडा राहतो. मी मान वर करून बघत होतो तेव्हा त्यांनी सांगितलं, "खालून बघायला चांगले दिसतात. उतरवल्यावर त्यातले दोनच वाजतात."

बाकीचे? बाकीचे विकायचे.

या भेटीत मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते याच गोष्टीने. बाबा दोन प्रकारचे तारपे करतात. एक वाजणारा, पुरुषभर लांबही होऊ शकतो, ज्याला भोपळ्यापासून भोंग्यापर्यंत सगळा हंगाम लागतो. दुसरा हातभर किंवा वीतभर, शोभेचा. त्यात जीभच नसते. लहान भोपळा, दोन काड्या, पानाचा भोंगा, वर गेरू आणि पांढऱ्या रंगाची वारली नक्षी. हा पुण्या-मुंबईच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर लागतो. वाजणारा तारपा विकत घेणारा वर्षाकाठी एखाददुसरा भेटतो, तोही बहुधा तारपकरीच, म्हणजे पैसे हप्त्याने आणि कधी पैशांऐवजी भात. न वाजणारे मात्र डझनाने जातात. मीठ-मिरची त्यांच्यावर चालते.

मला वाटलं होतं की त्यांना याचं वाईट वाटत असेल. शहरातून आलेल्या माणसाला कलाकाराचं दुःख शोधायची फार घाई असते. बाबांनी सरळ हिशोब मांडला. लहान तारप्याला ते भोपळे लागतात जे मोठ्याला चालत नाहीत. चीर गेलेला, वाकडा, बुटका, सगळा माल खपतो. पूर्वी ते भोपळे फेकून द्यायचे. "आता वाकडा पण पैसा देतो, मग मी का रडू?" शिवाय त्या कामात मावशींचा हात आहे, सुनेचा आहे, नक्षी नातू काढतो. मोठा तारपा एकट्या बाबांचा.

माझं मत विचाराल तर या घरात वाजणारा तारपा टिकलाय तो न वाजणाऱ्याच्या जिवावर. कलेच्या जतनावर भाषणं करणाऱ्यांनी हा हिशोब एकदा ऐकावा.

संध्याकाळी त्यांनी वाजवून दाखवला. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने सुरेल वगैरे अपेक्षा ठेवू नये. तो घुमतो, आणि थांबत नाही. फुंक तुटतच नाही, कारण गालांत साठवलेली हवा आत ढकलता ढकलता नाकाने नवा श्वास घेतला जातो. बघताना बाबांचे गाल भरतात-उतरतात तेवढंच दिसतं. हे जमायला किती दिवस लागतात, असं विचारलं तर म्हणाले, लहानपणी गुरं राखताना पाण्यात पोकळ काडी घालून बुडबुडे काढायचे, बुडबुडा तुटला की परत पहिल्यापासून.

शेजारची पाच-सहा पोरं-पोरी आपसूक जमली. कमरेला हात गुंफून साखळी झाली. टोकाचा माणूस घुंगरं बांधलेली घोळकाठी जमिनीवर आपटत पुढे, बाकीचे मागे, आणि बाबा मध्ये चालत चालत वाजवताहेत. वेढा कितीही वळला तरी तारप्याकडे पाठ करायची नाही, हा नियम. चाल बदलली की पावलं बदलतात, त्याला चाळा म्हणतात. मोराचा चाळा, बदक्या चाळा. कुठला चाळा कधी सुरू करायचा ते तारपकरी ठरवतो, तोंडाने सांगत नाही. तोंड तर गुंतलेलंच असतं. एक पोरगी चुकली तसा बाबांनी तोच तुकडा परत वाजवला, ती सावरेपर्यंत.

जुनी रीत अशी की नवं भात तयार व्हायला लागलं की तारपा काढायचा आणि दिवाळी उरकली की टांगून ठेवायचा. आता सगळ्यात जास्त बोलावणी येतात ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला. म्हणजे ऐन पावसात, जेव्हा तारपा आढ्यालाच असायचा. दमट हवेत जिभा फुगतात, सूर बसतो, भोंग्याची पानं मऊ पडतात. तरी जावं लागतं, कारण वर्षाची मोठी कमाई त्याच दिवसांत. लग्नसराईचा मात्र उपयोग नाही. लग्नात मान धवलेरीचा, तीच गाणी म्हणून लग्न लावते. तारप्याचं तिथे काम नसतं. आणि हल्ली रात्री डीजे असतोच.

आणखी एक अडचण दिवाळीनंतरची. भात झोडून झालं की अर्धा पाडा रिकामा होतो. माणसं भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तारपकरी घरी, नाचणारे भट्टीवर. जानेवारीत कुणी कार्यक्रमाला बोलावलं तर बाबा आधी फोन करून बघतात की कोण कुठल्या भट्टीवर आहे आणि मालक दोन दिवस सोडेल का. सुट्टीचा खाडा भरून द्यावा लागतो, म्हणून बिदागीत तोही धरायचा. हे शहरातल्या आयोजकांना समजावताना त्यांच्या नाकी नऊ येतात. एका ठिकाणी तर कार्यक्रम झाल्यावर शाल, श्रीफळ आणि "पैसे खात्यावर येतील" एवढंच मिळालं. पैसे पुढच्या पावसाळ्यात आले. शाल मावशींनी नातवाला पांघरायला दिली आहे, चांगली ऊबदार आहे.

तेव्हापासून सौदा फोनवरच पक्का होतो. मी निघायच्या तयारीत असताना असाच एक फोन आला. बाबा ओट्यावरून उठून रेंज येते त्या आंब्याखाली गेले आणि तिथून सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागले. "माणसं बारा. गाडी तुमची. जेवण तुमचं, दोन वेळ. निम्मे पैसे आधी." मग थोडं ऐकून घेतलं. "नाय, सहा माणसांत वेढा होत नाय. फोटोत होतो, नाचात नाय." पलीकडचा बहुधा अजून घासाघीस करत होता. बाबांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि फोनमध्ये म्हणाले, "स्वस्तातला पायजे तर आहे ना. लहानवाला पाठवतो, भिंतीला लावा."

बाराच ठरले.