हळदीचा सौदा आणि डोक्यातला सौदा

आज नानांबरोबर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला गेलो होतो, पण डोक्यात भलतंच चालू, कारण सध्या माणूस निर्णय आतून वाटेल तसा पटकन घेतो की नीट विचार करून, हे मोजणाऱ्या चाचण्यांबद्दल वाचतोय. इथं व्यापारी हळकुंड उचलतो, कटकन मोडतो, आतला रंग बघतो आणि बोली सुरू!

शेन फ्रेडरिक या संशोधकानं 2005 ला तीन प्रश्नांची टेस्ट आणली, त्यातला फेमस प्रश्न म्हणजे बॅट-बॉल मिळून 1 डॉलर 10 सेंट, बॅट बॉलपेक्षा 1 डॉलरनं महाग, तर बॉल केवढ्याला? पटकन तोंडातून निघतं 10 सेंट, खरं उत्तर 5. नानांना रुपयात करून विचारलं तर म्हणाले, "आधी बॅट दाखव, मग दर सांगतो." 🤣 आता हे कुठल्या खान्यात टाकायचं?

अ‍ॅलिन्सन आणि हेज यांची 1996 ची 38 वाक्यांची प्रश्नावली पण आहे, त्यात विश्लेषण एका टोकाला आणि आतून वाटणं दुसऱ्या टोकाला, म्हणजे एक वाढलं की दुसरं कमी. मानसशास्त्रज्ञ सीमोर एपस्टाइनच्या प्रश्नावलीत मात्र दोन्हीचे मार्क वेगळे, दोन्हीत भरपूर पडू शकतात. मला हेच पटतं राव, कारण तोच व्यापारी हळकुंड मोडून झालं की लगेच मोबाईलवर कॅल्क्युलेटर पण मारतो. फक्त या प्रश्नावल्या आपल्या आपण भरायच्या असतात, आणि नाना सगळीकडं "विचार करूनच ठरवतो" वरच टिक करणार, खरं काय ते काकूला विचारा 😄